आमदारांच्या घरचा चहा

श्यामराव वकील आमदार होते तेव्हा त्यांच्या घरी येईल त्याला आधी चहा मिळे, मग कामाचं बोलणं होई. निवडणूक हरल्यावर काही वर्षांनी ते यवतमाळच्या ग्राहक मंचाचे अध्यक्ष, म्हणजे तिथले न्यायाधीशच, झाले आणि दाराला कडी लागली. त्यांच्या पत्नीला, विमलताईंना, ती कडी कधी अंगवळणी पडली नाही.

त्या वर्षी अनेकांचं कपाशीचं बियाणं उगवलंच नाही. उमरखेडकडचा जुना कार्यकर्ता नागोराव यानं कंपनीवर तक्रार केली होती. तारखेच्या दिवशी सकाळीच तो घरी आला.

"वहिनी, साहेबांले काही बोलत नाही. चहा तेवढा पाजा."

विमलताईंनी सवयीनं आत घेतलं. श्यामराव आंघोळ करून आले, तेव्हा नागोराव बशीत चहा ओतत होता.

"तुझी तारीख आज हाये ना?"

"हो, साहेब."

"मग तुझी केस आता मले चालवता येत नाही. अमरावतीले पाठवा लागते."

"एका चहापायी?" विमलताईंनी विचारलं.

"समोरच्या वकिलानं या चहाचंच विचारलं तर काय सांगू?"

नागोरावनं बशी खाली ठेवली. "आपली सासुरवाडी असल्यावानी आलो, साहेब. चुकलंच."

निकाल त्याच्याच बाजूनं लागला, पण तोवर दोन हंगाम गेले. त्या काळात तारखेला अमरावतीला जाताना तो यवतमाळच्या स्टँडवर उतरे, टपरीवर चहा घेई आणि पुढची गाडी धरी.