आईच्या गोळ्यांचा बोलका डबा

गल्लीत त्याला सगळे शास्त्रज्ञ म्हणायचे, आणि कौतुकाने म्हणायचे असं समजण्याइतका तो भोळा नव्हता. धंदा म्हणाल तर मिक्सर, इस्त्री, पंखे दुरुस्त करण्याचा. जिन्याखालची खोली, समोर एक फळकूट टाकलेलं, मागे फडताळात दुसऱ्यांच्या घरची बिघडलेली यंत्रं. त्यातली निम्मी तो खरोखर दुरुस्त करायचा. उरलेल्यांची आतडी काढून तो जगाला हव्या असलेल्या वस्तू बनवायचा. जगाने त्या मागितल्या नव्हत्या, हा भाग वेगळा.

मुळात माणसांनी इतके हाल का काढावेत, हेच त्याला समजत नसे. चिकटपट्टीचं टोक सापडत नाही, म्हणून सगळं घर नखांनी ती पट्टी कुरतडत बसतं, आणि यावर कुणी काही करत नाही! मोज्याचा जोड, चष्मा, उतू जाणारं दूध, ही त्याची कार्यक्षेत्रं. दुधासाठी त्याने पातेल्याच्या काठावर लावायची घंटा केली. दूध तारेला टेकलं की ती वाजायची. आता दूध काठावरच्या तारेला टेकतं कधी, तर उतू जाताना. त्यामुळे दूध उतू गेल्याचं घंटा अगदी वेळेवर कळवायची. मोज्यांना त्याने लोहचुंबक शिवले, म्हणजे जोड एकमेकांना धरून राहील. राहिला की! जिना उतरताना पायातसुद्धा धरून राहिला, आणि शास्त्रज्ञ शेवटच्या चार पायऱ्या बसून उतरला.

चष्म्याचं तर विचारूच नका. टाळी वाजवली की चष्म्याच्या काडीवरची शिट्टी वाजणार, म्हणजे हरवलेला चष्मा सापडणार. कल्पना सोन्यासारखी होती. पण वरच्या मजल्यावरचे साहेब निवृत्त झाले, त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला हा तोच चष्मा घालून गेला. साहेबांचं भाषण संपलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि ह्याच्या कानाशी शिट्टी वाजायला लागली. लोक त्याच्याकडे बघून आणखी टाळ्या वाजवू लागले. साहेब आजही जिन्यात भेटले तर मान वळवतात.

हे सगळं तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायचा, पदरचा मीठमसाला लावून. दुसऱ्याने हसण्याआधी आपण हसून घ्यावं, म्हणजे हसं होत नाही, हा त्याचा सर्वांत यशस्वी शोध. तो मात्र कधी बिघडला नाही. आवाजाचंही तसंच. घरात तो बोलला की भांडल्यासारखं वाटायचं. त्यावर त्याचं उत्तर तयार असे, की माणसाचं आयुष्य मिक्सरमध्ये गेलं की आवाज कुजबुजीचा कसा राहील? हा विनोद त्याने इतक्यांदा केला होता, की त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

घरात तिघं. तो, बायको आणि आई. बायको एका शाळेच्या कार्यालयात कामाला, सकाळी आठला बाहेर पडायची ती संध्याकाळी पाचला परत. आई अठ्ठ्याहत्तरची, ताठ कण्याची, रक्तदाबाची. तिच्या गोळ्या दिवसातून तीनदा, आणि त्या ती वर्षानुवर्षं आपल्या आपण घेत आलेली. पण डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, आणि महिन्याभरात आईचं सगळं गणित चुकायला लागलं. कधी गोळी राहायची, कधी दोनदा व्हायची. एका दुपारी रात्रीची गोळी घेतली गेली, चक्कर आली, आणि मोरीच्या उंबऱ्यावर आई पडली. कपाळाला दोन टाके पडले.

दुसऱ्या गावची थोरली बहीण, ताई, पहिली गाडी पकडून आली. ती फार बोलली नाही, त्यामुळेच घाबरायला झालं. तिच्या घरी सून दिवसभर असते, तर आईने तिकडे राहावं, इतकंच तिचं म्हणणं. शास्त्रज्ञाला ते लागलं. आई या घरातून जाणार, आणि का, तर मुलाला तीन गोळ्या सांभाळता आल्या नाहीत! त्याने एक महिना मागून घेतला. महिनाभर एकही गोळी चुकली नाही तर आई इथेच राहील. ताईने कबूल केलं, पण जाताना गोळ्यांची पाकिटं मोजून ठेवली. ती पूर्वीपासून अशीच होती.

आईला विसरायला होतंय, हे त्याने एव्हाना सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. आता विसरण्यावर उपाय म्हणजे यंत्र, आणि यंत्र म्हणजे आपण. तो कामाला लागला. पहिला डबा केला तो फिरत्या खणांचा. वेळ झाली की झाकण उघडायचं आणि त्या वेळचा खण पुढे यायचा. फिरवायला मोटार घातली मिक्सरची, कारण घरात तीच होती. सकाळी साडेसात वाजता झाकण उघडलं, खण पुढे आला, मागे गेला, पुन्हा पुढे आला, आणि तिन्ही गोळ्या खोलीभर उडाल्या. दोन कपाटाखाली मिळाल्या. तिसरी बायकोच्या चहात सापडली, तीही तिने अर्धा कप प्यायल्यावर.

मग मोटार काढून साधी घंटा लावली. घंटा वाजली की आई उठायची आणि जाऊन दार उघडायची. त्यात तिची काही चूक नव्हती, आवाज हुबेहूब दाराचा होता. चौथ्या दिवशी दारात खरंच पत्ता चुकलेले एक गृहस्थ उभे होते. बेलला हात लावायच्या आत दार उघडलेलं बघून ते चकित झाले आणि चहा घेऊनच गेले. गोळी राहिलीच. ती दुपारी एकऐवजी दोनला घेतली, म्हणून ताईच्या हिशेबात बसली.

शेवटी एक बाहुली कामाला आली. दुरुस्तीला आलेली, कुणी परत न नेलेली, पोट दाबलं की बोलणारी. तिच्या पोटातलं यंत्र काढून त्याने डब्यात बसवलं. आता फक्त त्यात आपला आवाज भरायचा. त्याने तोंड जवळ नेलं आणि म्हणाला, आई, गोळी घे. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, की हे ऐकून तर ती स्वतःच एक गोळी घेणार होती, भीतीने. दुसऱ्यांदा भरलं तर रेल्वेची सूचना वाटली. तिसऱ्यांदा जरा प्रेमाने बोलायला गेला, तर कुणीतरी गळा धरल्यासारखं झालं. दहा वेळा झाल्यावर बायको हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, की दुकानात गिऱ्हाइकांशी बोलता ना, तसं बोला. घरातल्यांना तो आवाज कधी ऐकायला मिळत नाही, तेवढीच मजा. ती सहज बोलली होती. अकराव्यांदा त्याने डोळे मिटले, समोर जुनं गिऱ्हाईक उभं आहे असं मानलं, आणि आवाज उतरला. "आई, गोळीची वेळ झाली हं. सावकाश ऊठ. काही घाई नाही."

आणि काय सांगावं, डबा चालला! रोज सकाळी कामावर जाताना बायको डॉक्टरांची चिठ्ठी बघून तिन्ही खण भरून जायची. डबा बोलायचा, आई उठायची, गोळी घ्यायची. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. ताईचा रोज फोन यायचा, पाकिटात किती उरल्या ते विचारायला, आणि आकडा रोज बरोबर यायचा. शास्त्रज्ञाने दुकानात डबा हा विषय लावून धरला. आपल्या घरात आजवर कुणाचं ऐकलं गेलं असेल तर ते या डब्याचं, असं तो सांगायचा आणि आधी स्वतः हसायचा.

एका दुपारी तो जेवायला लवकर आला. आतून आईचा आवाज येत होता. ती डब्याशी बोलत होती. आज गुडघा जरा बरा आहे, सुनेला म्हणावं छत्री विसरू नकोस, असं काहीबाही. मग म्हणाली, "काल रात्रीची मी घेतली होती ना रे?" डबा गप्पच होता, त्याला तेवढं एकच वाक्य येत होतं. पण आई थोडं थांबली, जणू उत्तर मिळालं, आणि पुढे बोलू लागली. हा चप्पल काढून आत शिरला तशी ती एकदम गप्प झाली. त्याला गंमत वाटली. संध्याकाळपर्यंत ही गंमत त्याने चार गिऱ्हाइकांना सांगितली.

महिना संपला. ताई सकाळच्या गाडीने आली, चष्मा लावून तिने पाकिटं मोजली, आणि प्रामाणिकपणे म्हणाली, की एकही चुकलेली नाही. शास्त्रज्ञाने दुकान बंदच ठेवलं होतं. त्याचं आयुष्यातलं पहिलं यंत्र चाललं होतं आणि त्याची आई घरात राहणार होती. त्याने बायकोकडे असं पाहिलं, की तीसुद्धा हसली.

तेवढ्यात आई आतल्या खोलीतून आली. हातात कपड्यांची पिशवी. ती पिशवी तिने खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, की ती ताईकडे जाणार आहे, डबा तेवढा बरोबर द्या.

ताईच्या तोंडाचा आ तसाच राहिला. शास्त्रज्ञाच्या तोंडातून मात्र लगेच निघालं, आणि नेहमीच्या आवाजात निघालं, की सगळं बरोबर चाललंय तर जायचं कशाला?

"हे बघ," आई म्हणाली. ती ताईकडे बघून बोलत होती. "नव्या गोळ्या आल्या तेव्हा मी ह्याला विचारलं, यातली दुपारची कुठली. तर म्हणाला, किती वेळा सांगायचं? मला तर एकदाही सांगितलेलं आठवत नव्हतं. म्हटलं, गेलं आपलं डोकं. मग परत नाही विचारलं. सुनेला विचारलं असतं तर डोकं गेल्याचं तिलाही कळलं असतं. अंदाजाने घेत राहिले."

"अगं, पण डबा तरी कुठे सांगतो काही?" तो म्हणाला.

"नाही सांगत. पण चिडत नाही."

अशा वेळी त्याच्याकडे एखादा विनोद असायचाच. तो शोधायला गेला, आणि आत काहीही नव्हतं. त्याला आपली लाज वाटली, आणि गंमत म्हणजे या लाजेवर हसावं असंही वाटलं नाही.

ताई वैतागली होती. तिने दोन पाकिटं उचलून त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, की मग आता सांग की बाबा नीट, दुपारची कुठली. दोन्ही गोळ्या पांढऱ्या. एक गोल, एक लांबट. मिक्सरमधल्या सतरा तारा डोळे मिटून ओळखणारा माणूस त्या दोन गोळ्यांकडे बघत उभा राहिला. बायकोला उत्तर माहीत होतं, चिठ्ठी तिनेच वाचली होती. पण पदराने हात पुसत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"आता माहीत नाही?" ताईने विचारलं.

"तेव्हाही नव्हतं." त्याने आईकडे पाहिलं. "डॉक्टरांची चिठ्ठी मी वाचलीच नव्हती, आई. तू विचारलंस आणि मला सांगता येईना, म्हणून ओरडलो. मी तुला सांगितलंच नव्हतं. एकदाही नाही."

आईने खुर्चीची पाठ धरली आणि ती हळूच पिशवीशेजारी टेकली. दोन महिने ही बाई रोज सकाळी उठून आपलं काय काय पुसलं गेलंय ते चाचपून बघत होती, हे त्याला तिच्या चेहऱ्यावर आत्ता दिसलं. आता आपली चांगली हजेरी घेतली जाणार, असं त्याला वाटलं, आणि घेतली जावी असंही मनापासून वाटलं.

"म्हणजे मी विसरले नव्हते," आई म्हणाली.

"नाही."

"ते पडले, तेही विसरून नाही."

"नाही, आई."

आईने डोळे पुसले नाहीत, पण पदर चेहऱ्यावरून एकदा फिरवला. मग ताईला विचारलं, की तिची गाडी कितीची आहे. ताई म्हणाली, चारची.

"मग तुला वेळ आहे. बस. हा चिठ्ठी वाचून दाखवतोय तेवढी ऐकून जा." मग ती त्याच्याकडे वळली. "आण ती. आणि एकदाच वाच. माझ्या लक्षात राहतं सगळं."