खिशातली गाळणी

"उजेड गाळून घ्यायला तो काय चहा आहे?" असं म्हणून तो फ्लॅशच्या काचेवर तोंडाची वाफ सोडायचा, शर्टाच्या बाहीनं काच पुसायचा आणि समोरच्या नवरा-नवरीच्या तोंडावर भक्कन उजेड फेकायचा. नवरीनं डोळे मिटले की वर तिलाच सुनवायचा, "ताई, डोळे उघडे ठेवा. मी काय चोर आहे?"

चिंचवड स्टेशनाजवळ त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथं डार्करूममध्ये कामाला होतो. तोंडावर मी त्याला मालक म्हणायचो. मनात जे म्हणायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची आपल्याकडे रीत आहे. या एका माणसाच्या बाबतीत ती मला आजही जमत नाही.

त्या काळातले लग्नाचे अल्बम तुमच्याही घरी असतील. उघडून बघा. नवरी पिठात लोळवून काढलेली, नवऱ्याच्या कपाळावर तेलकट चकाकी आणि मागच्या पडद्यावर दोघांच्या काळ्याकुट्ट सावल्या. असा फोटो सापडला तर तो बहुतेक त्याचाच, किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्या कुणाचा. आमच्या वस्त्यांमधली लग्नं गुरुवारी असत, कारण गुरुवारी आमच्याकडे वीज बंद, म्हणून कंपन्याही बंद. आमच्या बौद्ध मंडळींना मुहूर्ताची अडचण नव्हती. त्यामुळे गुरुवार आला की हा एका मांडवातून दुसऱ्या मांडवात पळत असे, खांद्यावर बॅटरीची कातडी पेटी, डोळ्यांवर रंगीत गॉगल. मांडवातसुद्धा गॉगल. दुसऱ्यांचे डोळे दिपवायचे आणि आपले झाकून ठेवायचे.

नवरीची साडी पांढरी, तोंड सावळं. उघड्या फ्लॅशनं साडीचा नुसता चुना व्हायचा, त्यात काठ नाही की घडी नाही. मी कुरकुर केली की म्हणायचा, "लोकांना गोरं दिसायचं असतं राव. मी गोरं करून देतो." आणि त्याहून जास्त बोललो की ठरलेलं वाक्य, "बाकीचं तू अंधारात बघून घे."

म्हणजे यानं उजेडात घाण करायची आणि मी डार्करूममध्ये ती निस्तरायची. प्रिंट काढताना मी कागदावर हात धरून कुठे उजेड अडवायचो, कुठे जास्त पडू द्यायचो, आणि पिठातून माणूस बाहेर काढायचो. गिऱ्हाईक प्रिंट बघून म्हणायचं, "मालक, काय हात आहे तुमचा!" तो मान खाली घालून हसायचा. मला तेव्हा ते हसणं सहन होत नसे.

एक मात्र खरं. एकदा काळेवाडीच्या एका लग्नात मानपानावरून दोन्हीकडचे पाहुणे हातघाईवर आले. कुणी कुणाची कॉलर धरली होती. हा खुर्चीवर चढला आणि ओरडला, "हां, फोटो काढतो, इकडं बघा." सगळे होते तिथं थांबले, केस सारखे केले, ज्यांनी कॉलर धरली होती त्यांनी खांद्यावर हात टाकला. भांडण तिथंच मिटलं. त्या दिवशी मी त्याच्याकडे जरा प्रेमानं बघितलं असेन. ते फार टिकलं नाही.

गाळणी हा शब्द त्याचाच, टिंगलीतून आलेला. फ्लॅशपुढे पांढरं काही धरलं की उजेड मऊ होतो, हे मला कळलं होतं आणि मी नाना प्रकार करून बघत होतो. मिठाईवाल्याकडचा बटर पेपर लावला, तर त्याच्या सुरकुत्यांमुळे उजेड डागाळून पडला. शेजारी एक जण कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होता, त्यानं ट्रेसिंग पेपर दिला. तो चांगला होता, पण वाऱ्यानं फाटला. नव्या कापडाला खळ असते, त्यातून उजेड नीट येत नाही. शेवटी मनासारखं निघालं ते वडिलांचं जुनं मलमलीचं धोतर, धुऊन धुऊन विरलेलं. एकच पदर लावायचा, कॅमेऱ्याचं तोंड थोडं जास्त उघडायचं, आणि फ्लॅश कॅमेऱ्यावर न ठेवता हातभर वर आणि बाजूला धरायचा. मग चष्म्याच्या काचेतसुद्धा चमक येत नाही.

चष्म्याचं मला एवढं पडलं होतं ते आईमुळे. आईला मोतीबिंदू होता. बरीच वर्षं ती माणसं आवाजावरून ओळखायची. धाकट्या बहिणीचं लग्न ठरायच्या सुमारास तिचं ऑपरेशन झालं आणि तिला जाड भिंगांचा चष्मा मिळाला. त्या भिंगांमागे तिचे डोळे एवढे मोठे दिसायचे की शेजारची पोरं हसायची. आई पण हसायची. तिचा जन्मात एकही फोटो नव्हता. ती मला म्हणाली, "माजा येक फोटू काढ लगनात. डोळं उगडं पायजेत. ह्या डोळ्यानी लेकीचं लगीन बगितलं, आसं दिसूंदे त्यात."

वडिलांच्या धोतराचा तुकडा घेऊन फ्लॅशला बसेल अशी टोपी तिनंच शिवली, नव्या चष्म्यातून सुईत दोरा ओवून. कडेला इलॅस्टिक. मी ती मालकाला दिली आणि हात जोडून सांगितलं, "मालक, एवढ्या एका लग्नाला लावा. आईचा फोटो आहे." तो म्हणाला, "लावतो रे. तुझ्या घरचं कार्य आहे."

लग्नाच्या दिवशी नवरीचा भाऊ म्हणून मी पंगतीत वाढत होतो. बुद्धवंदना झाली, हार झाले. नवरदेवाच्या कंपनीतले साहेब आले, आणि मी लांबून बघितलं तर यानं टोपी फ्लॅशला लावली होती. मला बरं वाटलं. साहेबांचा फोटो जोडप्याबरोबर, साहेबांचा नुसताच, साहेबांच्या बायकोचा. सगळे टोपी लावून, हात उंच धरून, मी सांगितलं होतं अगदी तसे.

मग आई बहिणीशेजारी जाऊन उभी राहिली. मी वरणाची बादली ठेवून धावलो. टोपी त्याच्या खिशातून डोकावत होती.

"मालक, गाळणी?"

"बॅटरी उतरलीय. गाळणी पॉवर खाते." मग आईला म्हणाला, "मावशी, चष्मा काढा. चमकतोय."

आई म्हणाली, "चष्मा काडला तर लेक दिसायची न्हाई मला."

त्यानं काचेवर वाफ सोडली, बाहीनं पुसली आणि भक्कन फ्लॅश मारला. मला म्हणाला, "बाकीचं तू अंधारात बघून घे."

अंधारात मी पुष्कळ बघितलं. चेहरा आला, कपाळावरची आठी आली, बहिणीच्या खांद्यावरचा तिचा हातही छान आला. डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या चकत्या होत्या. तिथं निगेटिव्हमध्ये काही उतरलंच नव्हतं, तर मी आणणार कुठून? प्रिंट मी घरी नेली. आईनं ती खिडकीपाशी नेऊन निरखली आणि विचारलं, "ह्यो आपरेशनच्या आदीचा हाय का रं?"

मी दुसरा काढतो म्हणालो. ती म्हणाली, "आता लगीन कुटं हाय?" मी काम सोडलं. जाताना त्याच्या टेबलावरची टोपी तेवढी उचलून आणली. त्यानं विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली.

मोशीला मी स्वतःचा छोटा स्टुडिओ काढला. तिथं बऱ्याच वर्षांनी एका गुरुवारी तो दारात उभा राहिला. वाळला होता, भिंतीला हात लावत आत आला. स्टुडिओ त्यानं विकला होता. डोळ्यांवर गॉगल नव्हता. जाड भिंगांचा चष्मा होता, हुबेहूब आईसारखा. पोराकडे लावायला एक फोटो हवा, म्हणाला. आयुष्यभर दुसऱ्यांचे काढले, त्याचा स्वतःचा धड असा एकही नव्हता.

गुरुवार, त्यामुळे वीज नव्हती. स्टुडिओतले दिवे बंद. मी फ्लॅश काढला, तशी त्यानं मान वर केली.

"चष्म्यात चमक येईल का रे?"

मी म्हणालो, "आली तर अंधारात बघून घेईन."

मांडीवरचे हात त्यानं दोनदा पुसले. मग अगदी हळू म्हणाला, "नको. गाळणी लाव."

ड्रॉवरमध्ये टोपी होती. इलॅस्टिक सैल झालं होतं, आईचे टाके तसेच होते. मी ती लावली. का लावली ते सांगता येत नाही. माफ वगैरे मी काही केलेलं नव्हतं आणि त्यानंही मागितलं नाही. मुद्दाम वाईट फोटो काढायला हात तयार होईना, एवढंच. फ्लॅश वर धरला, बाजूला धरला, आणि फोटो काढला.

तो गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच्या मुलाकडे भेटायला गेलो. भिंतीवर तोच फोटो होता, हार घातलेला. चांगला आला होता. जाड भिंगांमागचे दोन्ही डोळे स्वच्छ, ओले, थेट माझ्याकडे बघणारे. मुलगा म्हणाला, "काका, बाबा समोर बसलेत असं वाटतं."

मी चहा घेतला आणि घरी आलो. आमच्या भिंतीवर आई आहे, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून. ती कुणाकडे बघतेय, ते मला आजवर दिसलेलं नाही.