शेततळ्याच्या भिंतीतला तिसरा दगड

ताईनं फोनवर एवढंच सांगितलं, की शेततळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरायच्या आत तिला साकूरकडे जायचंय. माझी ही थोरली बहीण नगरला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. आता तिची नजर विझत चाललीय आणि डॉक्टरांनीही आशा सोडलीय. लाव्हा जमिनीच्या भेगेत शिरून थिजला की दगडी भिंत उभी राहते, तिला डाईक म्हणतात. तिकडच्या पठारावरच्या काळ्या आणि करड्या डाईकमधली आधीची कोणती, हे तिला कधीच ठरवता आलं नव्हतं. एका जुन्या विद्यार्थ्यानं कळवलं, की शेततळं खोदताना दोन्हींची गाठ एका शेतात उघडी पडलीय.

थंडीतल्या सकाळी निघालो. टाकळी ढोकेश्वरपर्यंत कल्याण रोड झकास, पुढचा रस्ता अरुंद. टाकळीलाच भजी खाऊन घ्या, नंतर फारसं काही मिळत नाही. मुळा ओलांडताना पाण्यावर धुकं तरंगत होतं. ताईला ते दिसलं नाही. की तिला सगळीकडे तेच दिसत होतं, कोण जाणे.

शेताच्या मालकीण हिराबाईंनी आधी चहा पाजला. दगड लई चिवट हाय, मशीनचे दात झिजले, असं सांगत त्यांनी ताईचा दंड धरून तिला तळ्याच्या खड्ड्यात उतरवलं.

करड्या दगडात काळ्याचे टोकदार तुकडे रुतले होते, चिक्कीतल्या दाण्यांसारखे. ताईनं तळवे टेकले. अडकलेला तुकडा आधीचा, त्याला वेढणारा नंतरचा, तिनं मला समजावलं. म्हणजे काळा आधी, करडा मागून. इतक्या वर्षांचं कोडं सुटलं होतं. पण तिची बोटं एका काळ्या तुकड्यावर थबकली. त्याच्या पोटात आणखी एक बारका, भरड तुकडा होता.

"रंग कसा आहे याचा?"

"तांबूस."

"हा काळ्याच्याही आधीचा. याची भिंत मी या मुलखात कुठंच पाहिली नाही."

हिराबाई म्हणाल्या, "पहार हाय, काढून देऊ का?"

"नको. तो तिथं आहे म्हणूनच बोलतोय."

बराच वेळ ती तशीच उभी होती, भिंतीला कपाळ टेकून. मी फोटो काढून त्या विद्यार्थ्याला पाठवले. ती तांबूस भिंत आता तो शोधतोय. मग हिराबाईंकडे पिठलं-भाकरी जेवून आम्ही नगरला परतलो.

ताईला आता फक्त उजेड-अंधार कळतो. परवा मेथी निवडता निवडता थांबली, बोटावर अंगठा घासत म्हणाली, "भरड होता." झोप लागताना मलाही तो दिसतो: तांबूस, त्याभोवती काळा, त्याभोवती करडा. वर कागद अंथरून पाणी भरलंय. सगळ्यांत नंतर आलेलं.