नाव नसलेली टिपणं

तिचं नाव मी कापलं. सरळच सांगते. टिपणांच्या शेवटी 'संकलन' लिहून पुढे तिचं नाव होतं. स्टेन्सिल कापताना ती ओळ मी टाइपच केली नाही. आमच्या कर्मचारी संघटनेची पत्रकं काढून काढून डोक्यात बसलं होतं, खाली नाव आलं की मालकी आली.

ती घाटकोपरच्या एका लॉ कॉलेजात ग्रंथपाल, मी अंधेरीच्या कॉलेजात ग्रंथालय सहायक. दोघी हंगामी. कोर्टाचा निकाल कसा शोधायचा हे मुलांना शिकवायचं काम ग्रंथपालांच्या गळ्यात, आणि शिकवायला साहित्य काय? शून्य! प्रत्येक कॉलेजातली बाई एकटीच डोकं फोडत बसलेली. एकमेकींना दिलं तर काय बिघडतं, असं मी दिसेल त्याला ऐकवायचे. तिने मात्र खरंच दिलं. आख्खी वही.

तिचे प्रश्न पुस्तकापासून सुरूच व्हायचे नाहीत. 'विक्रोळीच्या चाळीत मालकाने नळ तोडला. भाडेकरूचा हक्क कुठे सापडेल?' मग आधी कायदा, त्यातलं कलम, मग निकालांची सूची, आणि सापडलेला निकाल वरच्या कोर्टाने नंतर फिरवला तर नाही ना, तेही बघायचं. झकास काम होतं. मी सायक्लोस्टाइल प्रती काढून बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत ओळखीच्या सगळ्या कॉलेजांत वाटल्या.

तिच्या हातात प्रत ठेवली, तर तिने आधी शेवटचं पान उघडलं.

"माझा नाव खंय गेला गो?" चिडली की ती मालवणीत शिरायची.

"नाव कशाला हवं? कायदा काय तुझ्या बापाचा आहे?"

"कायदा नाय. तो नळ आमच्या चाळीतला आहे, बये. वही तरी दे परत."

"दुसरा भाग काढायचाय ना. आणते की."

नाही आणली.

दिवाळीनंतर तिची मुलाखत झाली, जागा कायम होण्यासाठी. समितीवर बाहेरच्या कॉलेजातले एक ग्रंथपाल होते. त्यांनी आमचीच टिपणं नव्याने टाइप करून वर स्वतःचं नाव घातलं होतं. त्यांनीच विचारलं, "माझी टिपणं तुम्ही अर्जात स्वतःची म्हणून दाखवता?" ती म्हणाली, माझीच आहेत. मग मूळ प्रत दाखवा, म्हणाले. मूळ प्रत म्हणजे ती वही, आणि ती मुलुंडला, संघटनेच्या ऑफिसात, मोर्च्याच्या पत्रकांखाली पडली होती.

ती तडक माझ्याकडे आली. बसलीसुद्धा नाही.

"तुझी चळवळ झाली ना? माझी वाट लागली. चोर म्हणाले गं मला."

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी तिच्या प्राचार्यांकडे गेले, नाव मीच काढल्याचं सांगितलं. त्यांनी पानं चाळली. "यावर तारीख नाही. नाव तुम्ही काढलंत, असं लेखी द्या. सहीनिशी. समितीची बैठक होईपर्यंत मी थांबतो."

साधा माणूस. मागितलं तेही साधंच. आणि मी म्हटलं, "बघते."

काय बघायचं होतं? माझीही जागा हंगामी होती, आणि चूक कबूल केलेला कागद कुठल्या कुठे जाईल याची भीती. हे तेव्हा स्वतःशीही बोलले नाही. उलट घरी येऊन त्या ग्रंथपालांवर जळजळीत पत्रक लिहिलं. 'ज्ञानाचे दलाल', वगैरे. कॉलेजाकॉलेजांच्या फाटकाबाहेर वाटलं. खाली सही: एक जागरूक कर्मचारी. एवढी आग ओकून शेवटी निनावी!

तिने ते वाचलं. निरोप आला, "पत्रक नको. पत्र दे."

पत्र दिलं मी, पूर्ण नावानिशी. पण तोवर आठवडा गेला होता, बैठक होऊन दुसऱ्याच बाईची नेमणूक झाली होती. कारकुनाने पोचेचा शिक्का मारला आणि पत्र फायलीला लावलं.

ती आता एका कारखान्यात पत्रव्यवहार सांभाळते. साहित्य सगळ्यांत वाटलंच पाहिजे, हे मी आजही म्हणते, भांडूनच म्हणते. तिच्यासमोर म्हणायची मात्र हिंमत होत नाही.