गडग्यापलीकडचं ‘होय महाराजा’

तात्या गावी गेले होते, लावणीआधीचं गाऱ्हाणं घालायला. चार दिवसांत येतो म्हणाले... आणि आला तो संगमेश्वरच्या एसटीनं त्यांचा पुतण्या. देवळातून घरी आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले, असं त्यानं माझ्या अंगणात उभ्या उभ्या सांगितलं. मी त्याला चहा केला. तो गेल्यावर लक्षात आलं, की तात्या गेल्याचं दुःख ज्याच्याजवळ बोलावं असं मला एकच माणूस होतं, आणि ते तात्याच होते.

रत्नागिरीत आम्ही कितीतरी वर्षं शेजारी. मधे जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा. ते कचेरीत कारकून, मी शाळेत शिक्षिका, एकटी. कचेरीत तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस गावच्या देवळात नारळ घेऊन उभा राहिला, की अख्ख्या वाडीची दुखणीखुपणी खणखणीत आवाजात देवापुढे मांडायचा आणि जमलेली माणसं वाक्यावाक्याला ‘होय महाराजा’ म्हणायची. हा मान त्यांच्या घराण्याचा. घराण्याची रीत मात्र कडक होती: गाऱ्हाणं दुसऱ्याचं घालायचं, स्वतःचं कधीच नाही.

एक्क्याऐंशीत त्यांची बायको, आमच्या वहिनी, तापानं गेल्या. तात्या रडले नाहीत. ‘काय खंबीर माणूस!’ म्हणून लोकांनी पाठ थोपटली आणि तिथंच घात झाला. पोट दुखायला लागलं, अन्न उतरेना, सदरा अंगावर लोंबू लागला. पोटाचे फोटो झाले, औषधं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘पोटात काही सापडत नाही. मनात साठलंय ते कुणापाशी तरी बोला.’ मला हे सांगताना तात्या चिडलेच होते.

‘बोलू काय, बाई? बायको गेली म्हणून रडत बसू? लोक तोंडात शेण घालतील!’

माझा स्वभाव तापट, शाळेत पोरं चळचळा कापायची. म्हटलं, ‘तुम्हाला स्वतःचं घालता येत नाही ना? मग मी घालते.’ आणि गडग्याशी हात जोडून सुरुवातच केली, ‘बा देवा महाराजा...’

‘थांबा, बाई. आधी नारल ठेवा. रिकाम्या हातानं देव ऐकत नाय.’

नारळ आणून गडग्यावरच्या एका सपाट दगडावर ठेवला. ‘बा देवा महाराजा, या तात्यांची बायको गेली.’ सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, ‘होय महाराजा.’ ‘ते अजून दोन ताटं घेतात आणि एक परत ठेवतात.’ ‘होय महाराजा.’ ‘न सांगता गेली म्हणून तिच्यावर रागावलेत.’ हा माझा नुसता अंदाज. पण या वेळी ‘होय’ आलं, ‘महाराजा’ आलं नाही. गडग्यावर डोकं टेकून ते हमसून हमसून रडले. मी तशीच उभी राहिले, अशा वेळी काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीभर पेज संपवली. दुखणं एका दिवसात पळालं नाही, औषधंही चालू राहिली, पण अन्न जाऊ लागलं.

मग दिवेलागणीला ते आमचं ठरूनच गेलं. माझं ते घालायचे. माझी अर्धशिशी जुनी. ‘बा देवा महाराजा, या बाईंस घरात हाक मारायला मानूस नाय...’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. पण ‘होय महाराजा’ म्हटलं आणि कपाळाची शीर जरा सैल पडली. डोकं रोज थांबायचं असं नाही. मात्र ते दुखतंय हे कुणाला तरी माहीत असायचं.

त्यांचे दिवस गावीच झाले. काल दिवेलागणीला मी गडग्यावरच्या त्या सपाट दगडावर नारळ ठेवला आणि तात्यांचं गाऱ्हाणं घातलं. त्यांना वहिनी भेटू दे, दोघांना एका पंगतीला पोटभर जेवू दे रे महाराजा... सवयीनं थांबले. पलीकडे दाराला कुलूप. मग माझं मीच ‘होय महाराजा’ म्हटलं. डोकं सकाळपासून ठणकत होतं. माझं गाऱ्हाणं अगदी ओठांवर आलं होतं, पण स्वतःचं स्वतः घालायचं नसतं. नारळ उचलला आणि घरात आले.