ज्याला माझं पाऊल खुपतं

"ए पोरी, बाहेर हो. मैदान बनवाले बोलावलं तुले, खेळाले नाही."

कबड्डी स्पर्धेचा सेक्रेटरी बोलला. भंडाऱ्याच्या जुन्या बागेत, कॉलेजच्या पंधरा-वीस मुलींसमोर. आणीबाणी नुकतीच उठली होती. मी एकोणीस वर्षांची होते.

मी, माय आणि वस्तीतल्या पाच बाया, अशा आम्ही सातजणी आठ दिवस त्या मैदानावर खपलो होतो. बोडीतला, म्हणजे शेततळ्यातला, गाळ डोक्यावर आणायचा, चाळायचा, त्यात धानाचा कोंडा आणि शेण कालवायचं, चोपून चोपून बसवायचं, वरून सारवायचं. त्या मातीवर माणूस आपटला तरी खरचटत नाही. शेवटचा हात फिरला आणि मला राहवलं नाही. दम धरला, कबड्डी कबड्डी म्हणत मध्यरेषा ओलांडली. चार पावलं टाकली. ओल्या सारवणात ती उमटली.

"पूस ते. तुह्या पायाचं मैदान कोणाले पाहिजे?"

सारवणाचं फडकं त्यानं माझ्या अंगावर फेकलं. मुली हसल्या. एकीनं नाकाला रुमाल लावला. शेणामुळं की आमच्या वस्तीमुळं, ते मला तेव्हाच कळलं होतं. मी गुडघ्यांवर बसले आणि माझीच पावलं पुसली. माय बाजूला खाली मान घालून उभी होती. त्या दिवशी मला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

बाग इंग्रजांच्या काळातली. फाटकावरच्या दगडात साहेबाचं नाव कोरलेलं. झाडं लावणाऱ्या माझ्या आज्याचं नाव कुठंच नाही. आधी तिथं साहेब लोक टेनिस खेळले, मग वकील-मालगुजारांची पोरं क्रिकेट. साहेब गेले, आम्ही बौद्ध झालो, रोलर ओढणारे हात मात्र आमचेच राहिले.

आम्हाला खेळ येत नव्हता असं नाही. धान निघालं की रिकाम्या खळ्यात आम्ही बाया रोज खेळायचो. धानाच्या रोवण्यात दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाईचा दम काय असतो, ते कॉलेजला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी बोलावणं आलं. मी म्हटलं, "जायचं नाही."

माय घाबरली. "काहून वो बाई? बागेचं काम गेलं तं खायचं काय?"

"पावलं पुसून खाल्लेलं मले पचत नाही, माय."

तिनं उचललेलं घमेलं परत कोपऱ्यात ठेवलं. बाकीच्या पाचजणीही घरीच थांबल्या.

सेक्रेटरीनं मुरूम टाकून रोलर फिरवला. इतकी वर्षं त्यांनी आम्हाला माती कालवताना पाहिलं, पण काय कालवतो ते कोणी पाहिलं नव्हतं. पहिल्याच सरावात मुलींचे गुडघे-कोपरं सोलून निघाली. मग तो वस्तीत आला. स्कूटरवरून उतरलाही नाही.

"चला, माती करून द्या. चार दिवस राहिले."

"आधी आमचा संघ लिवा. मंग माती."

"तुमचा संघ? कोणासंगं खेळणार?"

"तुमच्याच पोरींसंगं."

एखादी तरी उठेल म्हणून त्यानं सगळ्यांकडं पाहिलं. एकही उठली नाही. शेवटी वही काढून त्यानं सहा नावं लिहिली.

"सातवी कोण?"

मला वाटलं, इथंच अडलं. तेवढ्यात मागून आवाज आला. "मी. लिवा माह्यं नाव." माय होती.

चार दिवस रात्रंदिवस खपून माती केली, आणि आम्ही खेळलो. कॉलेजच्या कप्तानाचा घोटा मायनं असा धरला की ती जागची हलली नाही. दोन गुणांनी हरलो. हरल्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. सामना संपला आणि सेक्रेटरी सवयीनं फडकं घेऊन माझ्यापुढं आला. आमच्या पावलांकडं बोट केलं. "उद्यासाठी तेवढं सारवून टाक."

"दुसऱ्याले सांगा. आज मी खेळाडू आहो."

फडकं त्याच्याच हातात राहिलं.

त्यानंतर कित्येक वर्षं मी त्या बागेत माती कालवली. अजूनही कालवीन. पण आधी संघाचं नाव, मग माती. आणि माझं पाऊल मी माझ्या हातानं पुसणार नाही. ज्याला ते खुपतं, त्यानं वाकावं.