पडद्यावरचा पळस

धान कापून झाले की आमच्या नाटक मंडळीचे जुने पडदे रंगवायला आरमोरीचा एक म्हातारा पेंटर यायचा. अंगणात पडदा पसरून तो त्यावर उकिडवा बसायचा आणि प्रत्येक रंग आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायचा. बोलणं बेताचंच.

त्या वर्षी त्याचा हात थरथरत होता. जंगलाचा पडदा त्याने सगळा नव्याने रंगवला, पण कोपऱ्यातल्या फिकट पळसाला ब्रश लावला नाही.

"याले काऊन सोडलं, भाऊ?" मी विचारलं.

"तो जवानीत काढला होता. एका दमात फांदी वढली होती. आता तसी रेघ येत नाई. राहू दे ना त्याले."

नाटकात मी राजा होतो, मागे तोच जंगलाचा पडदा. माझं भाषण रंगात आलं होतं, आणि पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेला हा म्हातारा मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे काढत होता. आधी मला रागच आला. मग लक्षात आलं, मी पळसाच्या पुढ्यात उभा होतो.

भाषण न थांबवता मी दोन पावलं बाजूला सरलो. त्याची मान स्थिर झाली, आणि त्याचं बोट मांडीवर ती फांदी ओढू लागलं.